अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरभेटी: चौदाचे सहा उरलो, आनंद नेमका कुठे गळतोय?

चिंचेखालचा_बाक

सर्वांना सलाम.

तालुक्याच्या गावातली ख्रिस्ती मंडळी (चर्च), साधारण साठ कुटुंबांची. महिला मंडळ आणि तरुण संघ मिळून एक सेवागट काढला आहे. कामं तीन. अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरभेटी (यादीत ११ घरं: पक्षाघात, मोडलेला खुबा, नुसतं म्हातारपण; दोघांना साखर), दर शनिवारी सरकारी दवाखान्यासमोर खिचडी, आणि रविवारच्या शाळेतल्या मुलांचा अभ्यास. नावं १४ आली होती. तीन महिन्यांत सहा उरली. उरलेलेही उपासना सुटली की पाळकसाहेबांची नजर चुकवून गेटकडे सटकतात.

सेवेत आनंद आहे हे प्रवचनात दर महिन्याला ऐकतो. त्यामुळे उपदेश नको, हिशेब सांगा. सहा माणसांनी किती घरं धरावीत? भेटीत करायचं काय? गटात नर्स कोणी नाही, त्यामुळे प्रार्थना, चहा आणि "देव बरं करील" एवढ्यावर भेट आटोपते. आणि आनंद वाटत नाही म्हणजे विश्वास उणा, असं मंडळीच्या एका वडिलांचं (कारभार बघणाऱ्या ज्येष्ठांचं) मत आहे. ते कितपत मनावर घ्यायचं?

---

दुसरी_घंटा

सहा माणसं म्हणजे तीन जोड्या. नोकरी-घर सांभाळणाऱ्या जोडीला आठवड्याला दोन घरं झेपतात, तिसरं झेपत नाही. म्हणजे सहा घरं. तुम्ही ११ धरलीत आणि वर खिचडी, वर अभ्यास. गळती तिथेच आहे.

एकट्याने कधीच जाऊ नये. लूक १०:१ मध्ये येशूने ७० जणांना दोघे-दोघे करून धाडलं. १८३३ साली पॅरिसमध्ये सुरू झालेली संत व्हिन्सेंट डी पॉल संस्था आजही घरभेटीला जोडीनेच जाते. कारण साधं आहे: एकजण रुग्णाजवळ बसतो, दुसरा स्वयंपाकघरात सुनेशी बोलतो. रुग्णापेक्षा जास्त थकलेली सहसा तीच असते. आणि उद्या कोणी "पैसे गेले, बांगडी गेली" म्हटलं तर दोन माणसं असलेली बरी.

जोडी आणि घर निदान तीन महिने बदलू नका. ही चूक बहुतेक गट करतात, "सगळ्यांना सगळ्यांची ओळख व्हावी" म्हणून दर आठवड्याला पाळी फिरवतात. मग म्हाताऱ्याला खुबा कसा मोडला ते दर वेळी पहिल्यापासून सांगावं लागतं, आणि येणाऱ्यालाही कोणी ओळखीचं भेटत नाही. दारात पाऊल टाकल्यावर आतून "आज उशीर केलात" असं ऐकू येणं, हा या कामातला पहिला आनंद. फिरत्या पाळीत तो कुणाच्याच वाट्याला येत नाही.

भेट ४५ मिनिटांची, वार आणि वेळ ठरलेली. तासाच्या पुढे बसलात की घरचे चहा-पोह्याच्या तयारीला लागतात आणि तुमची सेवा त्यांचं काम होऊन बसते. महिन्यातले चार आठवडे भेटी. पाचवा आठवडा आला तर सुट्टी, आणि ती रुग्णाच्या घरी आधी सांगून ठेवायची.

सहा घरं निवडताना ओळख बघू नका. तीन गोष्टी बघा: दिवसभर घरात कोणी नसतं का, सांभाळणारं माणूस एकच आहे का, अंगावर जखम आहे का. उरलेल्या पाच घरी बुधवारी फोन आणि महिन्यातून एकदा वडिलांची भेट. याकोब ५:१४ मध्ये दुखणाइताने मंडळीच्या वडिलांना बोलवावं असंच लिहिलं आहे. विश्वास मोजणाऱ्या त्या वडिलांना यादीतली दोन घरं आजच द्या.

अभ्यासाचा वर्ग या सहा जणांकडून काढून घ्या. प्रेषितांची कृत्ये, अध्याय ६: रोजच्या वाटणीत काही विधवांची उपेक्षा होऊ लागली, तेव्हा प्रेषितांनी आणखी जोर लावला नाही, सात वेगळी माणसं नेमली. त्याआधी निर्गम १८ मध्ये इथ्रो सासऱ्याच्या हक्काने मोशेला हेच ऐकवतो, की असं करशील तर तूही झिजशील आणि लोकही.

---

वॉर्ड_नंबर_नऊ

भेटीत काय करायचं ते सांगते. आठवड्यातून एकदा येणाऱ्या माणसाने सगळी शुश्रूषा करायची नसते. दोन कामं करायची: घरच्यांना हात द्यायचा आणि त्यांच्या नजरेतून सुटलेलं बघायचं.

घरात शिरलं की साबणाने ४० ते ६० सेकंद हात धुवा. सर्दी-खोकला असेल तर भेट रद्द, पुढच्या आठवड्यात.

कूस. अंथरुणावरच्या माणसाची कूस दिवसा दर दोन तासांनी बदलावी लागते. रात्रीचं वेळापत्रक डॉक्टरांना विचारून ठरवा. भिंतीवर कागद लावा: ६ डावी, ८ पाठ, १० उजवी, असं पुढे. बदलली की खूण. उपदेशाने होत नाही ते या कागदाने होतं, कारण कोणाची पाळी चुकली ते घरात सगळ्यांना दिसतं. कुशीवर आडवं पूर्ण ९० अंशांत झोपवू नका, सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो. पाठीमागे उशी लावून साधारण ३० अंश कलवा आणि गुडघ्यांच्या मध्ये दुसरी उशी द्या. खुबा मोडलेला असेल तर मात्र कोणत्या कुशीवर चालेल, किती वाकवायचं, हे डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय हात लावू नका.

ओढू नका, उचला. उशीकडे सरकवताना काखेत हात घालून ओढतात, त्यात माकडहाडावरची कातडी खालच्या मांसापासून खेचली जाते. वरून काही दिसत नाही, चार दिवसांनी जखम उघडते. जुनी चादर दुहेरी घडी करून खांद्यापासून मांडीपर्यंत अंगाखाली कायम ठेवा. दोघांनी दोन्ही बाजूंनी तिच्या कडा अंगालगत गुंडाळून घट्ट धरायच्या, "एक, दोन, तीन" म्हणून उचलून सरकवायचं. पक्षाघाताच्या माणसाचा लुळा हात धरून कधीही ओढू नका, खांदा निसटतो.

कातडी. माकडहाड, खुबे, टाचा, कोपरं, डोक्याची मागची बाजू. लाल दिसलं तर बोटाने तीन सेकंद दाबा. पांढरं होऊन परत लाल झालं तर भार हलवा आणि तासाभराने पुन्हा बघा. दाबूनही पांढरं होत नसेल तर ती बेडसोअरची (पडून राहून होणाऱ्या जखमेची) सुरुवात आहे. सावळ्या रंगावर लाली दिसत नाही. तिथे आजूबाजूपेक्षा गरम, कडक किंवा जास्त काळपट लागतं का ते हाताने बघा. अशा जागी चोळणं, स्पिरिट लावणं, पावडर थापणं बंद. मधोमध भोक असलेली रबराची रिंगही नको. कडेने रक्त अडतं आणि मधली जागा आणखी बिघडते.

भरवणं. आडवं ठेवून घोटभरसुद्धा नाही. होईल तितकं ताठ बसवा, हनुवटी किंचित खाली, छोटा चमचा, आणि गिळलं हे गळ्याकडे बघून मगच पुढचा घास. लुळ्या बाजूच्या गालात घास साठून राहतो, शेवटी तिथे बघा. पाणी आणि चहा पटकन घसरतात, त्या मानाने दाट पेज सोपी. पाणी पिताना ठसका लागतो किंवा आवाज घोगरा, ओला येतो, तर भरवणं थांबवून डॉक्टरांना कळवा. जेवल्यावर अर्धा तास बसलेलंच ठेवायचं.

लघवीची नळी. पिशवी मूत्राशयाच्या खालच्या पातळीवर, पण जमिनीला टेकलेली नाही. कूस बदलल्यावर नळीला पीळ पडला का बघा. पिशवी कॉटवर, पायांमध्ये ठेवून दिलेली आढळते. उचलायला सोपी म्हणून ठेवतात, आणि लघवी उलटी जाते.

आता पाय. पवित्र आठवड्यातल्या गुरुवारी चर्चमध्ये बारा जणांचे पाय धुतले जातात. ते बहुधा घरूनच स्वच्छ धुऊन आलेले असतात. अंथरुणावरच्या माणसाचे पाय धुणं हा वेगळा प्रकार. नखांत महिन्यांचा मळ, टाचेला भेगा, आणि पाय दाखवायची लाज. पसरट पातेलं, कोमट पाणी. कोमट आहे का ते बोटांनी नाही, कोपराने बघायचं. साखर असेल तर त्या माणसाला चटका कळतच नाही, म्हणून हे दोनदा बघा. पाच मिनिटं पुरे, जास्त भिजवलं की कातडी फुगते. मऊ फडक्याने टिपायचं, बोटांच्या बेचक्या कोरड्या होईपर्यंत. ओल राहिली की तिथे चिखल्या होतात. टाचांना खोबरेल चालेल, बेचक्यांत नको. साखर असलेल्याची नखं, कुरूप तुम्ही कापू नका. शेवटी पोटऱ्यांखाली उशी अशी ठेवा की टाचा अधांतरी राहतील, खालून हात आरपार गेला पाहिजे.

यात दहा-पंधरा मिनिटं जातात. या वेळेत माणसं बोलतात. समोरासमोर खुर्ची टाकून "कसं वाटतंय?" विचारलं की "ठीक" एवढंच उत्तर येतं. तुमची मान खाली आणि त्यांचे पाय तुमच्या हातात असले की गोष्टी निघतात.

---

जुना_करार_नवा_करार

वडिलांच्या मताबद्दल. "घेण्यापेक्षा देणे ह्यात जास्त धन्यता आहे" हे वचन आपण आनंदाच्या अर्थाने वापरतो, पण मराठीत शब्द "धन्यता" आहे, आणि तो अचूक आहे. मत्तय ५ मध्ये शोक करणाऱ्यांना "धन्य" म्हटलं आहे, हा त्याच जातीचा शब्द. शोक करणारा काही खुशीत नसतो.

वचन येतं कुठे तेही बघा. प्रेषितांची कृत्ये २०:३५. मिलेत इथे इफिसच्या वडिलांना बोलावून पौल निरोप घेतोय. येशूचे हे शब्द चारही शुभवर्तमानांत नाहीत, पौलाच्या तोंडूनच आपल्यापर्यंत आले. त्याच भाषणात तो आपल्या आसवांबद्दल बोलतो, आणि शेवटी सगळे त्याच्या गळ्यात पडून रडतात. रडणाऱ्या माणसाच्या तोंडी "धन्यता" आली आहे. तेव्हा चेहरा हसरा नाही म्हणून विश्वास उणा हे गणित पवित्र शास्त्रात बसत नाही.

मात्र रोम १२:८ हात झटकू देत नाही. दया करणाऱ्याने ती संतोषाने करावी असं तिथे स्पष्ट आहे. मग संतोष आणायचा कुठून? येशू घरी आल्यावर सरबराईत गुंतलेली लूक १० मधली मार्था बघा. तिला बोल लावला जातो तो स्वयंपाकाबद्दल नाही. "तू पुष्कळ गोष्टींविषयी काळजी व दगदग करतेस" यातला भार "पुष्कळ" या शब्दावर आहे. आणि तिची चिडचिड कोणावर निघते? बहिणीवर. सेवागटात हेच पहिलं लक्षण असतं: रुग्णाचा कंटाळा नंतर येतो, न येणाऱ्या सभासदांचा राग आधी येतो. बैठकीत गैरहजर लोकांची चर्चा दहा मिनिटांच्या वर गेली की समजावं, कामं जास्त झाली आहेत.

दुसरी गोष्ट, जिच्याकडे गटांचं सहसा लक्ष नसतं. देण्यात धन्यता आहे ना? मग ती रुग्णालाही मिळू द्या. गलतीकर ६:२ म्हणतं एकमेकांची ओझी वाहा, आणि तीनच वचनांनंतर म्हणतं प्रत्येकाने आपापला भार वाहावा. दोन्ही एकदम खरं आहे. हात चालत असतील तर भेटीच्या वेळी लसूण सोलायला द्या. डोळे चांगले असतील तर वचन त्यांनी वाचावं. काहीच जमत नसेल तर निघताना प्रार्थना तुम्ही करू नका, त्यांना करायला सांगा, तुमच्यासाठी, नाव घेऊन.

आपल्याकडे ही रीत नवी नाही. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून आणलेल्या मुलींना नुसतं जेवण दिलं नाही. विणकाम होतं, छापखाना होता, आणि रमाबाईंनी केलेल्या पवित्र शास्त्राच्या मराठी भाषांतराच्या छपाईत त्याच मुलींचे हात होते. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० पासून गावातल्याच बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. त्यांतल्या कितीतरी निरक्षर, कितीतरी दलित होत्या. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, पण त्या पद्धतीचं मर्म पुरस्कारात नाही: ज्यांना गाव शिवत नव्हतं, त्यांच्याच हाती गावातली बाळंतपणं आली.

---

चिंचेखालचा_बाक

फार उपयोगी. वर्ग तरुण संघाच्या दुसऱ्या दोघांकडे सोपवायला कोणाची हरकत दिसत नाही. दोन प्रश्न उरतात. घरून पैशाची मागणी होते तेव्हा काय करायचं? आणि खिचडी बंद करावी का? तरुण पोरांना तेच काम आवडतं.

---

खतावणी

पैशाचा नियम पहिल्याच भेटीत सांगून टाकायचा: जोडीच्या हातून रोख रक्कम जाणार नाही, दहा रुपयेसुद्धा नाहीत. औषध हवं तर चिठ्ठी घेऊन या, गट दुकानदाराला परस्पर पैसे देईल आणि बिल फाईलला लावेल. मंजुरीला जोडीबाहेरच्या दोघांच्या सह्या. कठोर वाटतं, पण कारण माणुसकीचंच आहे. एकदा हातातून पाचशे गेले की पुढच्या भेटीत रुग्ण तुमच्या चेहऱ्याआधी पिशवीकडे बघतो, आणि तुम्हीही त्या घराची पायरी चढायला कचरता. उसने तर देऊच नका. परतफेड जमली नाही की लोक उपासनेलाही यायचे बंद होतात.

परदेशातल्या नातेवाइकांनी मंडळीच्या खात्यात पैसे पाठवायची तयारी दाखवली तर पासपोर्ट विचारा. भारतीय नागरिक असेल आणि स्वतःच्या बचतीतून नेहमीच्या बँकमार्गे पाठवत असेल तर ती परकीय देणगी धरत नाहीत. तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर तो परकीय स्रोत ठरतो, आणि एफसीआरए (परकीय देणगी नियमन कायदा) नोंदणी किंवा पूर्वपरवानगीशिवाय ते पैसे घेता येत नाहीत. "आपलाच पोरगा आहे" हे तिथे चालत नाही.

आणखी तीन गोष्टी. घरातले फोटो नाहीत, व्हॉट्सॲप गटावर तर नाहीतच. डाव्या हाताला कळू नये म्हटलंय, आणि आपण दीडशे जणांच्या ग्रुपवर टाकतो. रविवारी उपासनेत साक्ष देताना, म्हणजे आपला अनुभव सांगताना, घरचं नाव, आजार, सुनेचं वागणं काही बोलायचं नाही. एकदा बोललात की ते दार बंद. आणि शेजारवस्तीतली जी घरं ख्रिस्ती नाहीत तिथे प्रार्थना त्यांनी मागितली तरच. पत्रकं पिशवीत नेऊच नका. सेवेच्या बदल्यात काही अपेक्षा आहे अशी शंका आली की पेजेचा घासही कडू होतो.

मुलांच्या वर्गाबद्दल एक ओळ: दोन प्रौढ कायम हजर, दार उघडं. कोणा मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. "मंडळीत मिटवू" हा गुन्हा आहे. मुलांची मदतवाहिनी १०९८, ज्येष्ठांची १४५६७.

---

पातेलं_आणि_पळी

खिचडी बंद करू नका, पंधरवड्यावर आणा आणि पूर्ण तरुणांकडे द्या. घरभेटवाल्यांनी तिकडे फिरकायचं नाही.

खायला कोणाला घालताय ते आधी ठरवा. दाखल रुग्णाला दवाखान्याचं जेवण बहुधा असतं, शिवाय कोणाचं ऑपरेशन असतं, कोणाला पथ्य असतं. उपाशी असतो तो उशाशी बसलेला नातेवाईक. त्याला वाढा. वॉर्डात नेऊ नका, बाहेर वाढा, तेही दवाखान्याच्या कार्यालयाला विचारून.

माणशी १०० ग्रॅम कोरडा जिन्नस धरा. ६० ताटांना ४ किलो तांदूळ, २ किलो मूगडाळ, पाणी साधारण २५ लिटर, थोडं उकळतं पाणी बाजूला राखून. मीठ शेवटी चाखून. मिरची निम्मी करा, रात्रभर जागलेल्याचं पोट रिकामं असतं. बिघडतं ते नेण्यात. मोठं पातेलं झाकून निम्मं गार होऊ दिलं की आत कोमट राहतं आणि भात नासतो. शिजल्यापासून दोन तासांत वाटून संपवा. उरलेली घरी नेऊन रात्री गरम करून खाऊ नका, नासक्या भातातलं काही विष गरम करूनही जात नाही. उरतेच आहे तर पुढच्या वेळी ५० ची करा.

---

चिंचेखालचा_बाक

यादी आज सहावर आणली. वडिलांनी दोन घरं घेतली, कुरकुरत का होईना. वॉर्ड_नंबर_नऊ ताई, एक शेवटचं: एका घरी माकडहाडाजवळ लाल आहे, दाबून पांढरं होत नाही, कातडी फाटलेली नाही. हवेची गादी घ्यायची म्हणतात. पाण्याची स्वस्त मिळते आहे. कोणती?

---

वॉर्ड_नंबर_नऊ

आधी आजच डॉक्टरांना दाखवा आणि तोवर त्या जागेवर अजिबात भार नको, दोन कुशीच फिरवा.

गादी हवेची, पंपावर आळीपाळीने फुगणारी. पाण्याची जड असते, थंडीत गार पडते आणि तिच्यावर माणसाला कुशीवर वळवणं घरच्यांना जमत नाही. हवेच्या गादीवर जाड गोधडी घालू नका, एक पातळ चादर बस. रुग्ण झोपलेला असताना गादीखाली माकडहाडाच्या जागी तळहात सरकवून बघा. हात आणि अंग यांच्यात दोन-अडीच सेंटिमीटर हवा लागली पाहिजे. हाड हाताला टेकत असेल तर हवा कमी आहे. वीज गेली की पंप थांबतो, तेव्हा किती वेळात बसते ते दुकानातच विचारून घ्या. आणि गादी आली म्हणून भिंतीवरचा कागद काढू नका, कूस बदलावीच लागते.